कांद्याचं रेलिश आणि परसबागेतला माल: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकवायचा कसा

कांद्याचं रेलिश म्हणजे व्हिनेगर-साखरेत आटवलेला आंबट-गोड कांदा. त्याच्या माझ्या पहिल्या खेपेतली एक बाटली मे महिन्यात फळीवरच फसफसली. झाकणाखालून गुलाबी पाणी ओघळून फळीवरच्या पेपरवर आलं होतं आणि मुंग्यांची रांग थेट ओट्यापर्यंत पोचली होती. झाकण फिरवलं तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज झाला. कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. लेकीला आंबट लागतं म्हणून मी व्हिनेगर निम्मंच घातलं होतं आणि उरलेलं माप पाण्यानं भरलं होतं.

ते बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "कांद्याचं लोणचं कुठं राहते व? दोन दिवसांत खाऊन मोकळं व्हायचं." काकूंचं चूक नव्हतं. आपल्याकडे कैरी, लिंबू, मिरची, आवळा वर्षभर राहतात. कांदा मात्र तक्कूत पडतो आणि त्याच दिवशी संपतो. कैरी आणि लिंबू मुळात आंबट असतात. त्यात भरपूर मीठ आणि वरून तेल पडलं की जंतूंना जागाच उरत नाही. कांद्याला स्वतःची आंबटाई नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. कांद्याचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ भाजीसारखाच. तो टिकवायचा तर आंबटपणा बाहेरून आणावा लागतो, तोही मोजून. रेलिशमध्ये साखर, तिखट, मसाला सगळं हाताच्या अंदाजानं चालतं, व्हिनेगर तेवढं चालत नाही. ही गोष्ट मला त्या बाटलीनं शिकवली.

थोडं सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली तर नुसती चव बिघडून भागत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत असतो. कांदा, लसूण, गाजर जमिनीतूनच येतात, त्यांच्यासोबत त्याचे बीजाणू येतात. आपण कितीही उकळलं तरी १०० अंशांना ते मरत नाहीत. हवा न लागणारी, ओलसर आणि आंबट नसलेली जागा मिळाली की तिथे वाढून ते विष तयार करतात. त्या विषाला वास येईलच, झाकण फुगेलच असं नाही. पीएच ४.६ च्या खाली असला की मात्र त्यांना वाढता येत नाही. मी घरी ४ च्या खालीच ठेवते, म्हणजे थोडी चूक झाली तरी मधे जागा राहते. याच कारणानं कच्चा लसूण किंवा परतलेला कांदा तेलात बुडवून बाहेर ठेवणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. तेल हवा अडवतं आणि आंबट काहीच नसतं. तसं केलंच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा.

कांदा कोणता

महाराष्ट्रात कांदा तीन वेळा येतो: पावसाळी पोळ कांदा, त्यानंतरचा रांगडा आणि मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळी. साठवणीला उन्हाळीच घ्या. त्याची मान बारीक सुकलेली असते, टरफल कोरडं असतं आणि पाण्याचा अंश कमी असतो. पोळ कांद्यात पाणी जास्त, रेलिश आटायला पाऊण तास जास्त लागतो आणि शेवटी लगदा होतो. माझ्या मागच्या अंगणात पंधरा बाय वीस फुटांची जागा आहे. तीन वाफे कांद्याचे असतात, पण तेवढ्यानं पुरत नाही. उरलेला कळमन्याहून येतो, चार घरं मिळून एक पोतं.

मान दाबून बघा. मऊ लागली तर तो कांदा आतून सडायला लागलाय, तो रेलिशला नको. टरफलाखाली काळी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. तेवढा पापुद्रा काढून टाका, आतला कांदा धुऊन पुसून घ्या, आणि आतपर्यंत काळं गेलं असेल तर अख्खा फेका. मोड आलेला कांदा चालतो, फक्त मधला हिरवा कोंब काढायचा.

लाल कांद्याचं रेलिश गडद गुलाबी होतं, पांढऱ्याचं मधासारखं. उन्हाळ्यात आपल्याकडे पांढरा कांदा घराघरात असतोच, लू लागू नये म्हणून खिशात घेऊन निघणारे लोकही असतात. त्या कांद्यांतलेच चार इथे वापरले तर चालतात. मला स्वतःला दोन भाग लाल, एक भाग पांढरा आवडतो.

प्रमाण

सोलून चिरलेला कांदा १ किलो. बाजारातून सव्वा किलो आणलात की टरफलं, टोकं जाऊन एवढा निघतो.

व्हिनेगर किती, हे बाटलीवर वाचून ठरवायचं. त्यावर आम्लतेची टक्केवारी छापलेली असते. ५ टक्के असेल तर ५०० मिली. आपल्याकडे साधं पांढरं व्हिनेगर पुष्कळदा ४ टक्क्यांचं असतं, तेव्हा ६२५ मिली घ्या. दोन्हीकडे शुद्ध आम्ल २५ ग्रॅमच पडतं, फक्त दुसऱ्यात पाणी जास्त, म्हणून ते दहा मिनिटं जास्त आटवावं लागतं. टक्केवारी छापलेलीच नसेल तर ती बाटली काचा पुसायला ठेवा. घरी केलेला उसाचा किंवा जांभळाचा सिरका चवीला कितीही चांगला असला तरी त्याची आम्लता आपल्याला माहीत नसते. तो कोशिंबिरीत घाला, साठवणीत नको.

साखर २०० ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा, अख्खी मोहरी २ लहान चमचे, आलं बोटाच्या पेराएवढं, काळे मिरे दहा-बारा, लवंगा चार, भिवापुरी सुक्या मिरच्या चार. भिवापूरची मिरची रंगाला आणि तिखटाला दोन्हीला पुरी पडते. चार म्हणजे चारच, सावजी रश्श्याची सवय असलेल्यांनी सहा.

साखरेऐवजी गूळ चालतो का, हे प्रत्येक जण विचारतो. चालतो, पण निम्म्यापर्यंत. रस निवळायला गुळात चुना वापरतात, त्यानं आंबटपणा थोडा बोथट होतो. शिवाय रंग तपकिरी होतो, आणि मग लाल कांदा घेऊन केलेल्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

मसाल्यात हवा तो बदल करा. कोरडा मसाला कितीही बदला, पीएचला फरक पडत नाही. ताजी वस्तू घालायची असेल, म्हणजे शिमला मिरची, लसूण, गाजर, हिरवी मिरची, तर ती त्या एक किलोत मोजायची. शंभर ग्रॅम शिमला मिरची घातली तर कांदा नऊशे ग्रॅम. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र बाटलीत घालूच नका. तो काळा पडतो, वाढताना वरून चिरून टाका. तेल नाही, मक्याचं पीठ नाही. घट्टपणा आटवूनच येतो.

भांडी आणि पाणी

जाड बुडाचा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घ्या. लोखंडी कढईत व्हिनेगर टाकलं की रेलिश शाईसारखं होतं आणि जिभेवर खिळा चाटल्यासारखी चव येते. अॅल्युमिनियम, बिनकल्हईचं पितळ आणि तांबं, यातलं काहीही नको.

बोअरच्या पाण्याचं एक सांगायला हवं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजता शिजत नाही. एकदा चिरलेला लाल कांदा त्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवला आणि सकाळी गंजात निळसर-राखाडी चिंध्या दिसल्या. लाल कांद्याचा रंग आंबटात गुलाबी होतो आणि क्षारयुक्त, चुनखडीच्या पाण्यात निळा-हिरवा. व्हिनेगर पडल्यावर तो बराचसा परत आला, पण पूर्ण नाही. तेव्हापासून कांदा धुवायलासुद्धा नळाचं, म्हणजे कन्हान-पेंचचं पाणी. लसूण व्हिनेगरमध्ये हिरवट-निळा पडला तर घाबरू नका, तो गंधकाचा खेळ आहे, खायला काही होत नाही.

बाटल्या २५० मिलीच्या, काचेच्या, फिरवून बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाच्या. जॅमच्या जुन्या बाटल्या चालतात, पण झाकण नवीन हवं. झाकणाच्या आतल्या कडेची रबरी पट्टी एकदा दबली की दुसऱ्यांदा नीट धरत नाही. मी झाकणं इतवारीतून डझनानं आणते. प्लास्टिकच्या झाकणाच्या बरण्या कोरड्या मसाल्याला ठेवा.

चिरणं

कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग चिरा. डोळ्यांत पाणी आणणारा वायू कांदा कापल्यावर तयार होतो आणि थंडीत तो कमी उडतो. विळीला धार असेल तर अजूनच बरं, कारण बोथट पातं कांदा कापण्याऐवजी चेंगरतं. मुळाकडचा भाग शेवटी कापायचा. काप तीन मिलिमीटरचे, म्हणजे पोह्याच्या कांद्याहून जाड आणि भज्यांच्या कांद्याहून बारीक. मिक्सर किंवा चॉपर नको. त्यातून निघालेल्या कांद्याचं रेलिश न होता चटणी होते, आणि ती कडवटही लागते.

शिजवणं

गंजात कांदा आणि मीठ घाला. पाणी नाही, तेल नाही. मंद आचेवर झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांत कांद्याला स्वतःचं पाणी सुटतं. दर दोन मिनिटांनी हलवा, नाहीतर बुडाला धरतं. साधारण पंधरा मिनिटांत काप काचेसारखे पारदर्शक होतात. इथे घाई करू नका. कांदा नरम होण्याआधी व्हिनेगर पडलं तर तो पुढे तासभर उकळला तरी कडकच राहतो, आंबटात त्याची शीर मऊ होत नाही. मी दोन वर्षं हेच चुकत होते आणि दोष कांद्याला देत होते.

आता मोहरी कोरडीच भाजून घाला, मिरच्या तोडून, आलं किसून, मिरे आणि लवंगा अख्ख्या. मिनिटभर हलवा. मग सगळं व्हिनेगर एकदम ओता आणि गंजापासून तोंड बाजूला घ्या, पहिली वाफ नाकात गेली की खोकला थांबत नाही. खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू. कूलर मात्र बंद ठेवा, नाहीतर तो वास अख्ख्या घरात फिरतो आणि मग दोन दिवस बेडशीटलाही येतो.

उकळी फुटली की साखर. आच मध्यम, झाकण नाही. आता पंचवीस ते पस्तीस मिनिटं आटवायचं. आधी बुडबुडे लहान आणि फेसाळ असतात, आटत आलं की मोठे, जड होतात आणि "पच्च-पच्च" आवाज येतो. पळी गंजाच्या तळातून ओढा. मागे राहिलेली वाट दोन सेकंद उघडी राहिली आणि मग हळूहळू भरली तर झालं. वाट भरलीच नाही तर जास्त आटलंय, थंड झाल्यावर गोळा होईल. तसं झालं तर दोन-तीन चमचे व्हिनेगर घाला, पाणी नाही.

आंबट वाटतंय म्हणून इथे हात आखडू नका. गरम रेलिश चाखलं की व्हिनेगर नाकात चढतं. तीन आठवड्यांनी तेच रेलिश निम्मं आंबट लागतं, कारण तोवर कांद्याच्या कापांत ते मुरलेलं असतं. त्यातही आंबटच वाटलं तर साखर वाढवा.

थंड झालेल्या चमचाभर रसात पीएचची पट्टी बुडवून बघा. १ ते १४ दाखवणारी पट्टी इथे उपयोगाची नाही, तिच्यावर ४ आणि ५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. ३ ते ५ च्या आसपासची बारीक मापाची घ्या. गुलाबी रसात रंग वाचायला त्रास होतो, म्हणून पट्टी बुडवली की लगेच झटकून दिवसाच्या उजेडात बघा. ४ च्या खाली आली नाही तर आणखी पन्नास मिली व्हिनेगर घालून पाच मिनिटं उकळा आणि पुन्हा तपासा.

बाटलीत भरणं

बाटल्या आधीच दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गरम असतानाच काढा. गरम रेलिश गरम बाटलीत, एवढं पाळलं तर काच तडकत नाही. वरून एक ते सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. बांबूची काडी कडेनं फिरवून आतली हवा बाहेर काढा, मग थोडं खाली बसतं, तेवढं पुन्हा भरा. बाटलीची कड ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसा. एक मोहरीचा दाणा कडेवर राहिला तरी झाकण धरत नाही. झाकण बोटांच्या टोकांनी जेमतेम बसेल एवढं फिरवा. ताकदीनं आवळलं तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही.

दुसऱ्या मोठ्या गंजात तळाला जुना टॉवेल घाला, त्यावर बाटल्या एकमेकींना न टेकवता ठेवा. गरम पाणी झाकणांच्या दोन-तीन सेंटिमीटर वर येईल एवढं. पाणी खळखळ उकळायला लागलं की तिथून घड्याळ लावा, १५ मिनिटं. परदेशी तक्त्यांमध्ये अशा आंबट मालाला दहा मिनिटं सांगतात, पण १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरच्या वर, पाच मिनिटं वाढवायला सांगतात. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. नेमके पाच मीटर! मी मुकाट्यानं पाच मिनिटं वाढवते.

आच बंद करून पाच मिनिटं थांबा, मग सांडशीनं बाटल्या उचला. त्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका. थंड दगडाला गरम काच लागली की बुड गोल कापल्यासारखं निघून येतं. एक अख्खी बाटली माझ्या पायावर अशीच गेली आहे. दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, पंख्याच्या झोताखाली नको. निवताना एकेक झाकण "टक्" करून आत बसतं. स्वयंपाकघरात कुणी बोलत नसेल तर तो आवाज बाहेरच्या खोलीतही ऐकू येतो आणि लेक मोजत बसते. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मधोमध बोटानं दाबा. वरखाली हललं तर ती बाटली बसली नाही, ती आधी खायची.

ठेवायचं कुठे? माझं उत्तर फ्रीज. आपल्या घरच्या प्रमाणाची कुणी प्रयोगशाळेत तपासणी केलेली नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपलं स्वयंपाकघर दुपारी चाळिशीला टेकतं. वर सांगितल्यासारखी उकळलेली, झाकण बसलेली बाटली फ्रीजमध्ये सहा महिने चांगली राहते. उकळायचा खटाटोप नको असेल तर नुसती गरम भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. उघडलेली बाटली महिनाभर, कोरड्या चमच्यानं. उघडताना फसफसलं, फवारा आला, बुरशी दिसली, तर चाखून बघायचं नाही. वरची बुरशी काढून खालचं खायचं नाही. पॅक करून कचऱ्यात, आणि हात साबणानं.

पहिले तीन आठवडे बाटली उघडू नका. एवढं सांगूनही आमच्या घरी पहिली बाटली चौथ्या दिवशी उघडते. झुणका-भाकरीसोबत, पाटोडीसोबत छान लागतं. पण माझा खरा जीव गोळाभातावर आहे. वर गरम फोडणीचं तेल, बाजूला चमचाभर रेलिश. सावजी मटणाच्या ताटातही ते बसतं, तिखटानं पेटलेल्या जिभेला गोड-आंबट बरं वाटतं.

संत्र्याचं रेलिश

नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री आली की याच प्रमाणात दोन संत्र्यांची साल घाला. फक्त नारिंगी भाग हलक्या हातानं किसून. पांढरी साल आणि बिया नकोत, त्यांच्यातलं कडू द्रव्य पिळल्यावर काही तासांनी कडवटपणा आणतं. रस काढून ठेवला की संध्याकाळी कडू लागतो, त्यामागेही तेच. संत्र्याचा रस चवीला अर्धी वाटी घालता येतो, पण व्हिनेगरच्या जागी नाही. त्याची आंबटाई प्रत्येक झाडागणिक वेगळी.

बागेतला बाकीचा माल

जानेवारी-फेब्रुवारीत टमाटर एकदम लागतो. चार झाडांचे रोज दोन किलो निघतात आणि शेजारीही घेईनासे होतात. टमाटर आंबट वाटतो, पण त्याचा पीएच साधारण ४.३ ते ४.९, म्हणजे त्या ४.६ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना. पिकून मऊ झालेला टमाटर तर आणखी कमी आंबट. म्हणून उकळून, गाळून, घट्ट करून भरताना ५०० मिलीच्या प्रत्येक बाटलीत पाव लहान चमचा सायट्रिक अॅसिड, आपल्याकडे लिंबाचं फूल म्हणतात ते, आधी तळाला टाका. वरून गाळलेला टमाटर. उकळत्या पाण्यात ४० मिनिटं. ताज्या लिंबाचा रस इथे नको, लिंबालिंबात फरक असतो. टमाटरसोबत कांदा-लसूण परतून घालायचा मोह आवरा, तो भाजी करताना घाला.

वाळवण हा मात्र आपला हुकमाचा एक्का. होळी झाली की हवा कोरडी होते आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागेपर्यंत ऊन फुकट मिळतं. कांद्याचे चार मिलिमीटरचे काप गच्चीवर बाजेवर सुती धोतर पसरून एकेरी थरात टाका, वरून दुसरं पातळ कापड, चारही कोपऱ्यांना दगड, कारण दुपारचं अंधड कधी येईल सांगता येत नाही. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. दुपारी एकदा उलटा. सूर्य मावळण्याआधी आत आणा. एप्रिलमध्ये दोन दिवसांत काप कडकन मोडतात. किलोभर कांद्याचे जेमतेम सव्वाशे ग्रॅम होतात, ते बघून पहिल्यांदा रडू येतं. काप पूर्ण निवल्यावर बरणीत दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा उन्हात. ही आठवड्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि पावसाळ्यात बरणी उघडून नाक मुरडतात.

मेथी, कढीपत्ता आणि हरभऱ्याची भाजी सावलीत वाळवा, उन्हात त्यांचा रंग आणि वास दोन्ही उडतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे डिसेंबरात खुडले तर उन्हाळ्यात, जेव्हा बागेत काहीच उरत नाही, तेव्हा ज्वारीच्या कण्यांसोबत ती भाजी शिजते. गवारीच्या शेंगा आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग उन्हात. नाहीतर चिवट होतात. जाड हिरव्या मिरच्या चिरून, मीठ घातलेल्या ताकात रात्रभर आणि दिवसा उन्हात, असं ताक संपेपर्यंत. लाल अंबाडीच्या बोंडांना व्हिनेगर लागत नाही, ती स्वतःच कैरीइतकी आंबट. बी काढून साखरेत शिजवली की जॅम.

आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. तारीख सगळेच लिहितात. मी त्याखाली व्हिनेगरचे टक्के आणि मिली, आणि पट्टीवर आलेला पीएचही लिहिते. लेकीनं एका चिठ्ठीवर माझ्या नकळत खाली पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: "यात पाणी नाही, मी बघितलं."